चुकलेल्या नेमाचे हवामान

हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीने, म्हणजे बोलीभाषेतील छऱ्याच्या बंदुकीने आणि स्पर्धेच्या भाषेतील एअर रायफलीने वा एअर पिस्तुलाने, नेम साधणाऱ्यांच्या समाजात चुकलेल्या नेमाची जबाबदारी कोणावर टाकावी याचा एक क्रम ठरून गेलेला आढळतो, आणि त्या क्रमात नेमबाजाचे स्वतःचे नाव बरेच खाली येते. सर्वांत वर छर्रे असतात, कारण डबी नवीन उघडलेली असते; त्याखाली शेजारच्या लेनवरच्या नेमबाजाचा खोकला असतो; आणि या दोन्हींचा पुरावा गोळा करणे अवघड झाले की सभ्य, सर्वमान्य आणि कोणालाही न दुखावणारे कारण म्हणून तापमान पुढे केले जाते. तापमानाला दोषी धरण्यात सोय अशी की ते उलट उत्तर देत नाही, त्याच्या पाठीशी भौतिकशास्त्राचा खराखुरा नियम उभा असतो, आणि ऐकणाऱ्याने तो नियम शाळेत शिकून परीक्षेनंतर लगेच विसरलेला असल्यामुळे तो हरकत न घेता मान डोलावतो. या नियमाचे नशीब मात्र चमत्कारिक आहे, कारण ज्या बंदुकीत तो मनमुराद धुमाकूळ घालतो तिच्या वाऱ्याला जाणकार उभे राहत नाहीत, आणि ज्या बंदुकीत यंत्रकारांनी त्याला जवळजवळ वेसण घातली आहे तिथेच त्याच्या नावाने सर्वाधिक बोटे मोडली जातात.

नियम सांगायला सोपा आहे: बंद भांड्यात कोंडलेल्या वायूचे तापमान वाढले की त्याचा दाब त्याच प्रमाणात वाढतो, आणि तापमान उतरले की दाबही त्याच प्रमाणात उतरतो. गियोम आमोंताँ या फ्रेंच संशोधकाने अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी हवेवर प्रयोग करून हा संबंध दाखवला होता. परंतु त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी काम करणाऱ्या गे-ल्युसॅक याच्या नावाने तो पाठ्यपुस्तकांत अधिक ओळखला जातो. हा गे-ल्युसॅक १८०४ साली हायड्रोजनच्या फुग्यात बसून सुमारे ७,००० मीटर उंचीवर गेला आणि तिथली हवा बाटल्यांत भरून खाली आला, तेव्हा हवेच्या व्यवहारात जो अधिक उंच जातो त्याचेच नाव राहते, असा निष्कर्ष कोणी काढला तर त्याला फारसा दोष देता येणार नाही.

गोंधळ होतो तो ‘त्याच प्रमाणात’ या शब्दांपाशी. सकाळी २० अंश सेल्सिअस असलेले तापमान दुपारी ४० अंशांवर गेले म्हणजे ते दुप्पट झाले, म्हणून सिलिंडरातील २०० बार दाबही ४०० बार झाला असावा, असे गणित मांडणारे बुद्धिमान लोक भेटतात, आणि ते बरोबर असते तर असे गणित मांडायला कोणी त्या खोलीत थांबला नसता. बार हे दाबाचे एकक असून समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब साधारण एक बार असतो. आणि नियमातील तापमान हे निरपेक्ष तापमान, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसपासून मोजायला सुरुवात केलेले केल्विन मापातील तापमान असते. त्या मापात सकाळचे २० अंश म्हणजे २९३ आणि दुपारचे ४० अंश म्हणजे ३१३ होतात, ज्यामुळे वाढ दुपटीची न ठरता जेमतेम सात टक्क्यांची ठरते आणि २०० बारचे २१४ बार होतात. इतक्या दाबाखाली हवा पुस्तकातल्या आदर्श वायूइतकी शिस्तीत वागत नाही आणि प्रत्यक्षातील वाढ याहून थोडी अधिक भरते, हे खरे असले तरी अंश सेल्सिअसमागे पाऊण-एक बार हा हिशेब लक्षात ठेवला म्हणजे व्यवहार भागतो.

या पाऊण बारने जे कौटुंबिक कलह घडवून आणले आहेत त्यांची नोंद भौतिकशास्त्राच्या ग्रंथांत मिळत नाही. स्पर्धेच्या रायफलीच्या नळीखाली असलेले हवेचे छोटे सिलिंडर पाणबुड्यांच्या मोठ्या सिलिंडरातून किंवा कॉम्प्रेसरवरून भरले जाते, आणि हवा वेगाने कोंबली जात असताना आतील हवा दाबली गेल्यामुळे तापते. सायकलीत हवा भरताना पंपाचे टोक बोटाला चटका देते, त्यामागचे कारणही हेच आहे. भरणारा घाईत असतो, गेजचा काटा २०० वर पोहोचलेला पाहून तो समाधानाने झडप बंद करतो, आणि हाताला कोमट लागणारे ते सिलिंडर त्या क्षणी समजा ४० अंशांवर असते. घरी पोहोचेपर्यंत ते २८ अंशांवर निवते आणि काटा १९० च्या आसपास येऊन बसतो. हवेचा एक कणही बाहेर गेलेला नसतो. परंतु ज्याने पैसे मोजून २०० आणले त्याला घरी १९० दिसतात, आणि येथून शोधमोहीम सुरू होते.

प्रथम साबणाचे पाणी करून सांध्यासांध्यावर लावले जाते. बुडबुडा येत नाही. मग घरातील कोणीतरी अनुभवी गृहस्थ सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढण्याच्या प्राचीन पद्धतीची आठवण करून देतात, आणि सिलिंडर बादलीत बुडवले जाते. बादलीतले पाणी खोलीपेक्षा दोन-तीन अंश थंड असल्यामुळे सिलिंडर आणखी निवते, बाहेर काढून पाहावे तो काटा आणखी केसभर खाली आलेला असतो, आणि बुडबुडा एकही दिसलेला नसताना गळती मात्र निर्विवाद सिद्ध होते. वास्तविक या गेजचे तोंड रुपयाच्या नाण्याहून फार मोठे नसते, त्यावरच्या रेघा दहा किंवा वीस बारच्या अंतराने मारलेल्या असतात, आणि काट्याची स्वतःची जाडीच तीन-चार बार झाकून टाकते, त्यामुळे केसभर खाली आलेला काटा हा खाली आला की बघणाऱ्याची मान तिरकी झाली, हेही ठरवणे कठीण असते. तरीही दुसऱ्या दिवशी सिलिंडर ज्याने भरून दिले त्याच्याकडे तक्रार जाते, तो ते उन्हात ठेवलेल्या टेबलावर पाच मिनिटे बाजूला ठेवतो, काटा वर चढतो, आणि ‘वॉशर जरा नीट बसवला’ एवढे सांगून तो सिलिंडर परत करतो. या व्यवहारात दोन्ही पक्षांचे समाधान होते आणि आमोंताँचा नियम कोणाच्याही लक्षात न येता दोनदा सिद्ध होतो.

पावसाळ्यात याच प्रक्रियेला एक ओले उपकथानक जोडले जाते. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये हातपंपाने हवा भरणारा मनुष्य हवेबरोबर बाष्पही भरत असतो. सुमारे ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे तीसेक ग्रॅम पाणी असते, आणि २०० मिलिलिटरच्या सिलिंडरात २०० बारपर्यंत जाण्यासाठी चाळीसेक लिटर हवा लागत असल्याने तेवढ्या हवेतून सव्वा ग्रॅमच्या आसपास पाणी पंपाच्या तोंडी येते, जे दाबाखाली बहुतांश द्रवरूप होते. म्हणूनच चांगल्या पंपात ओलावा टिपणारा कप्पा असतो आणि तो वेळोवेळी रिकामा करायचा असतो, ही सूचना माहितीपत्रकाच्या ज्या पानावर छापलेली असते ते पान सहसा पिशवीतच राहते.

आता सिलिंडरातील दाब बदलला म्हणून छऱ्याचा वेग बदलतो का, हा मुख्य प्रश्न. रेग्युलेटर नसलेल्या साध्या बंदुकीत तो बदलतो, पण ज्या दिशेने बदलेल असे वाटते त्या दिशेने तो नेहमी बदलत नाही, आणि इथे निसर्गाने माणसाची चांगलीच फिरकी घेतली आहे. चाप ओढल्यावर स्प्रिंगने सुटलेला छोटा हातोडा झडपेवर आदळतो, झडप क्षणभर उघडते आणि ठरावीक झुळूक छऱ्यामागे जाते. परंतु ती झडप बंद ठेवण्याचे काम सिलिंडरातील दाबच करीत असतो, त्यामुळे दाब फार वाढला की हातोड्याला झडप पुरेशी उघडता येत नाही आणि बाहेर पडणारी हवा उलट कमी होते. परिणामी गच्च भरलेली बंदूक पहिले काही छर्रे मंद गतीने मारते, दाब थोडा उतरल्यावर तिचा वेग वाढतो, एका मधल्या टप्प्यात तो बऱ्यापैकी स्थिर राहतो आणि नंतर घसरत जातो. कडक उन्हात ठेवलेली, काठोकाठ भरलेली बंदूक त्यामुळे अधिक जोरदार न होता आळसावते, आणि दुपारच्या जेवणानंतर असे वागण्याचा तिचा हक्क कोणी नाकारू नये.

हा सारा लहरीपणा संपवण्यासाठी रेग्युलेटर आला. सिलिंडर आणि झडप यांच्यामध्ये बसवलेले हे छोटे उपकरण मागे १९० बार असो की १२०, पुढच्या कप्प्यात ठरवून दिलेल्या दाबाचीच हवा सोडते, आणि त्यामुळे दहा मीटर स्पर्धेची आधुनिक रायफल सकाळी आणि दुपारी, नाशिकच्या थंडीत आणि जळगावच्या उन्हात, जवळपास एकाच वेगाने छर्रा फेकते. साधारण अर्ध्या ग्रॅमचा, ४.५ मिलिमीटर व्यासाचा हा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने निघतो, दहा मीटरचे अंतर सुमारे ०.०६ सेकंदात कापतो आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो, जे दुर्बिणीविना असलेल्या त्या रायफलीच्या साइटमध्ये आधीच जमेस धरलेले असते. आता उष्णतेने रेग्युलेटरलाही थोडे चळवले आणि वेग एक टक्क्याने बदलला असे मानले, तर ही घसरण दोन टक्क्यांनी, म्हणजे सुमारे एक तृतीयांश मिलिमीटरने बदलेल. लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असून त्याभोवतीच्या प्रत्येक वर्तुळाचे अंतर अडीच मिलिमीटर असते, म्हणून दशांशात गुण मोजले तर या बदलाची किंमत एक ते दीड दशांश इतकी भरते.

एक दशांश ही क्षुल्लक गोष्ट आहे असे कोणी म्हणू नये. पॅरिस येथे २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये मनू भाकर हिचे दहा मीटर एअर पिस्तुलातील रौप्यपदक ०.१ गुणाच्या फरकाने हुकले आणि कांस्यपदक हाती आले, तेव्हा दशांशाला जगात किती वजन आहे हे संपूर्ण देशाने पाहिले. अशा पातळीवरच्या नेमबाजाला तापमानाविषयी बोलण्याचा अधिकार विज्ञान आनंदाने देते. पण तिथले नेमबाज सहसा त्याविषयी बोलत नाहीत. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील याने २०२२ मध्ये कैरो येथे दहा मीटर एअर रायफलीचे जागतिक अजिंक्यपद मिळवले, आणि वाळवंटाच्या काठावरच्या त्या शहरातील हवामानाची चर्चा कोणी केली नाही, कारण जिंकणाऱ्याच्या बाबतीत हवामान नेहमीच उत्तम असते. तापमान हा विषय रंगतो तो तीन-चार गुणांनी खाली घसरलेल्या छऱ्याच्या बाबतीत, ज्याला खाली आणायला रेग्युलेटरविना, अर्धे सिलिंडर रिकामे झालेली आणि बर्फात पुरून ठेवलेली रायफल लागली असती.

बंदूक इतकी निर्विकार असताना तापमान बिघडवते ते माणसाला, आणि ते कसे हे स्पर्धकाच्या पोशाखाकडे पाहिल्यावर ध्यानात येते. रायफलच्या नेमबाजाला अंग डळमळू नये म्हणून जाड कॅनव्हास आणि चामड्याचे जाकीट व विजार घालावी लागते. त्या कापडाच्या एका थराची जाडी नियमाने अडीच मिलिमीटरपर्यंत चालते, आणि ते किती कडक असावे हेही यंत्रावर दाबून तपासले जाते. वातानुकूलन नसलेल्या सभागृहात मे महिन्यात हे चिलखत चढवून ७५ मिनिटांत ६० छर्रे मारताना घाम कपाळावरून निघून भुवईत थबकतो, तिथून डोळ्याच्या कोपऱ्याकडे निघतो, आणि तो नेमका कोणत्या छऱ्याला पोहोचेल याचा अंदाज बांधण्यात नेमबाजाचे निम्मे चित्त गुंतते. नाडी वाढते, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर साइटमधला काळा गोल किंचित उडी मारतो. तरीही बाहेर आल्यावर ‘फार उकडत होते, म्हणून नेम हलला’ असे म्हणण्याऐवजी ‘उष्णतेने प्रेशर वाढले’ असे म्हटले जाते. हे विधान रक्ताच्या बाबतीत बहुधा अचूक असते.

ज्या बंदुकांत तापमानाचे म्हणणे खरोखर ऐकायला हवे त्यांत कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्यांचा मान पहिला. या बंदुकीतील १२ ग्रॅमच्या छोट्या कुपीत वायू द्रवरूपात असतो, आणि द्रव शिल्लक असेपर्यंत त्यावरचा दाब कुपी किती भरलेली आहे यावर अवलंबून न राहता केवळ तापमानावर ठरतो: शून्य अंशाला सुमारे ३५ बार, २० अंशांना ५७, ३० अंशांना ७२. एवढ्या अंतरात दाब दुप्पट होतो, म्हणजे सकाळचे गणित चुकवणाऱ्या त्या बुद्धिमान लोकांना अखेर न्याय मिळतो. शिवाय प्रत्येक छऱ्यामागे थोडा द्रव उकळून वायू होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो कुपीतूनच घेतो, त्यामुळे भराभर चाप ओढणाऱ्याच्या हातातील बंदूक गार पडत जाते आणि दहावा छर्रा पहिल्याच्या मानाने मरगळून निघतो. स्पर्धेच्या जगात १९८० च्या दशकात हा वायू बराच वापरात होता आणि नंतर दाबलेल्या हवेने त्याला बाजूला सारले, त्याचे एक कारण हा स्वभाव होता. विदर्भात तर त्याची पंचाईत निराळीच होते. ३१ अंशांच्या वर, ज्याला क्रांतिक तापमान म्हणतात त्यापलीकडे, कार्बन डायऑक्साइडमध्ये द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जात असल्यामुळे सावलीत ठेवलेल्या कुपीतील पदार्थालाही आपण नेमके कोण आहोत हे मार्च ते जून सांगता येत नाही. त्या काळात दाब उतू जातो, झडप वर सांगितल्याप्रमाणे अडते, आणि बंद गाडीत पुढच्या काचेखाली अशा कुप्या ठेवून जाणाऱ्याला नेम चुकण्याहून गंभीर काळज्या असायला हव्यात.

थंडीचा प्रयोग अमेरिकेत होऊन गेला. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास जिरार्दोनी नावाच्या कारागिराची हवेवर चालणारी रायफल स्वीकारली होती. तिचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी असे, आणि ती भरायला हातपंपाचे सुमारे १,५०० हेलपाटे मारावे लागत, ज्यामुळे शत्रूपेक्षा आपल्याच सैनिकाला घाम फुटण्याची खात्री होती. लुईस आणि क्लार्क यांच्या अमेरिकेतील १८०३ ते १८०६ च्या शोधमोहिमेने बरोबर नेलेली हवेची रायफल याच प्रकारची होती असे सामान्यतः मानले जाते, आणि वाटेत भेटलेल्या मूळ रहिवाशांना ती दाखवून चकित करण्याचा कार्यक्रम त्या मोहिमेत वारंवार होई. मिसूरीकाठच्या मुक्कामात १८०४ च्या डिसेंबरात पारा उणे ४० अंशांपर्यंत उतरला. २० अंशांना भरलेली टाकी तिथे वीस टक्के दाब केवळ थंडीनेच गमावून बसली असती आणि चामड्याचे वॉशर लाकडासारखे झाले असते. तरी त्या बंदुकीच्या हातून घडलेला सर्वांत गाजलेला अपघात थंडीतला नाही. मोहीम निघताना, ऑगस्ट १८०३ च्या अखेरीस, पाहुण्याच्या हाती दिलेली ही रायफल अचानक सुटली आणि चाळीसेक यार्डांवरच्या एका स्त्रीच्या कानशिलाला गोळी चाटून गेली. ती वाचली, आणि लुईसने या प्रसंगाची दैनंदिनीत नोंद करताना तापमानाचा उल्लेख केला नाही, यावरून तो नेमबाज समाजात अजून पुरता मुरला नव्हता असे दिसते.

राहिली जत्रेतली बंदूक. नळी मध्ये मोडून स्प्रिंग ताणायची, छर्रा भरायचा आणि चाप ओढल्यावर स्प्रिंगने दट्ट्या पुढे ढकलायचा, अशी तिची रचना असते, आणि त्या क्षणी दट्ट्यापुढची हवा इतकी दाबली जाते की तिचे तापमान पळभर शेकडो अंशांवर जाते, ज्यापुढे बाहेरचे २० अंश आणि ४० अंश हा फरक किरकोळ ठरतो. उन्हाळा-हिवाळा तिथे वंगणातून बोलतो: थंडीत ग्रीस घट्ट होऊन दट्ट्या जड चालतो, वैशाखात चामड्याचे वॉशर सुकून हवा मागे गळते. त्यावर उपाय म्हणून दुकानदार दर्शनी भोकातून शिलाई मशीनचे तेल सढळ हाताने सोडतो, ते तेल दाबलेल्या गरम हवेत पेटते, पुढचे काही छर्रे धूर आणि धाडकन आवाज करीत निघतात, आणि गिऱ्हाइकाला बंदूक ‘ताकदीची’ असल्याचे कौतुक वाटते, जरी त्या आवाजाबरोबर वॉशर आणि स्प्रिंग यांचे आयुष्य झपाट्याने सरत असते. तापमानामुळे वेग खालीवर होण्याची एवढी सारी कारणे हजर असूनही इथे कोणी तापमानाचे नाव घेत नाही, कारण नळी आधीच वाकलेली असते, पुढचे साइट कुठे होते याची केवळ खूण उरलेली असते, आणि जाणते गिऱ्हाईक हिरव्या फुग्यावर नेम धरून लाल फुगा फोडण्याचे तंत्र दुसऱ्या छऱ्यातच आत्मसात करते. ज्या फुग्यांवर हा नेम चालतो ते पाळण्याशेजारच्या उघड्या फळीवर सकाळपासून ताणून बांधलेले असतात. दुपारी दोनच्या सुमारास त्यांच्यातील हवा तापून फुगते, रबर उन्हाने कमजोर झालेले असते, आणि एखादा फुगा कोणीही न मारता फुटतो. त्या वेळी बंदूक ज्याच्या हातात असेल त्याला प्लास्टिकचा कंगवा मिळतो, आणि दुकानदार त्याविषयी कधीही वाद घालत नाही.